मधला ‘चं’ मावेना

“या यंत्रासमोर बसलेला माणूस कुणाला काही म्हणजे काही विचारणार नाही!” रंगारीनं मालकाला छाती ठोकून सांगितलं होतं. आणि झालंही तसंच. कुणी काही विचारलं नाही. सगळे पळाले!

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

रंगारी म्हणजे भिंती रंगवणारा नव्हे. यंत्राचं नाव काय, बटण कुठं, पडद्यावर काय दिसणार, हे ठरवणारा. एका बटणाचा निळा रंग निवडायला गड्यानं पाच दिवस घेतले, तेव्हापासून ऑफिसात तो रंगारी. यंत्र होतं रक्त तपासायचं. बोटाला टोचा, थेंब द्या, पाच मिनिटांत साखरेपासून सगळं हजर.

नावही यानंच ठेवलं. ‘निदान’! दवाखान्यात फोन लावला, तर तिथली रिसेप्शनवाली विचारते, “यंत्राचं नाव?”

“निदान.”

“निदान काय?”

“नुसतं निदान!”

“अहो, निदान नाव तरी धड सांगा!” आपटला फोन.

तरी हा खूश. म्हणे, नाव लक्षात राहणार!

मालक काही खूश नव्हता. “दवाखान्याच्या डॉक्टरबाईंना पसंत पडलं तर वीस यंत्रं जातील. नाही पडलं तर तू मोकळा. चपलांच्या दुकानाच्या पाट्या करत होतास ना, त्याच कर परत.”

आता पडद्याचं ऐका. तपासणी संपली की काय दिसावं? इंजिनियरनं लिहिलं होतं, ‘तपासणी पूर्ण झाली आहे.’ रंगारीचं डोकंच फिरलं.

“हे काय, कोर्टाची नोटीस आहे? पेशंट आधीच घाबरलेला असतो! घरच्यासारखं बोला ना! अंघोळ झाली की घरी काय म्हणतो आपण? आटोपलं!”

म्हणून त्यानं लिहिलं, ‘अमक्यांचं आटोपलं’. पण अक्षरं एवढी मोठी, की मधला ‘चं’ मावेना. रंगारीनं तो कचकन कापला. वर बाईमाणूस असेल तर ‘आटोपल्या’ आणि बाप्या असेल तर ‘आटोपले’, हे यंत्र आपलं आपण बदलणार. त्याचा तर त्याला असा काही गर्व, जसं व्याकरण यानंच शोधून काढलंय!

पेशंटला शांत वाटावं म्हणून मागे आभाळ. आभाळात पांढरे ढग. ढगांमध्ये पेशंटचा हसरा फोटो, भोवती बारीक बारीक फुलं. आणि हळू आवाजात बासरी. हे सगळं बाहेर बसलेल्या नातेवाइकांनाही मोठ्या टीव्हीवर दिसणार. त्यांना नको का कळायला?

कळलं. चांगलंच कळलं!

दाखवायच्या दिवशी पहिली पेशंट म्हणून रंगारीनं सख्ख्या आत्याला आणलं. आत्या आत गेली. तिचे यजमान, म्हणजे काका, बाहेर पन्नास माणसांत चष्मा पुसत बसले.

पाच मिनिटं झाली. बासरी वाजली. टीव्हीवर ढग आले, ढगांत आत्या हसली, आणि खाली हातभर अक्षरं: ‘आत्या आटोपल्या’.

मग काका उठले. “अगं, आत्ता तर धडधाकट चालत गेलीस गं!” म्हणाले, आणि मटकन खाली बसले.

“पाणी आणा!”

“पाणी कसलं, त्यांनाही आत न्या! मशीनवर घ्या!”

दोन वॉर्डबॉयनी काकांना उचललं. आत्या एका दारानं बाहेर पडत होती, तेवढ्यात दुसऱ्या दारानं काका आत. तिला बघून काकांनी दोन्ही डोळे घट्ट मिटले. “आलो गं, आलोच! घाई करू नकोस!”

“कुठं आलात? आणि झोपलात काय असे चारचौघांत?” आत्या खेकसली.

पण नर्सनं तेवढ्यात काकांचं बोट टोचलं होतं. पाच मिनिटं झाली. बासरी. ढग. ‘काका आटोपले’.

“जोडीनं गेले हो!” बाहेर एका बाईनं हंबरडा फोडला. एक जण हाताला लावलेल्या सलाईनसकट निघाला. त्याच्या मागे सलाईनचा स्टँड, खडखड खडखड!

डॉक्टरबाई धावत आल्या. “शांत व्हा! यंत्रात काही नाही! बघा, मी स्वतः करून दाखवते!”

रंगारी ओरडला, “मॅडम, नको!”

पण त्या कुणाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. टोचलंच. मोजून पाच मिनिटांनी टीव्हीवर ढग, फुलं, बासरी, आणि ‘डॉक्टरबाई आटोपल्या’.

डॉक्टरच राहिल्या नाहीत म्हटल्यावर पेशंट कशाला थांबतात? दोन मिनिटांत हॉल साफ! मागे राहिल्या एकवीस चपला आणि एक कुबडी. कुबडीवाला कसा पळाला, ते त्यालाच ठाऊक!

मालकाचा चेहरा वांग्यासारखा झाला. डॉक्टरबाई दात ओठ खात म्हणाल्या, “यंत्र चांगलंय. माझा आकडा लॅबशी तंतोतंत जुळला. पण ते वाक्य! एक तास देते. बदला, नाहीतर उचला हा डबा.”

रंगारी घामाघूम. अक्षरं बारीक केली, जागा केली, यावेळी एकही अक्षर कापलं नाही. तासाभरानं परत सगळे गोळा. आत्यानं परत बोट दिलं. बासरी वाजली. ढग आले. आणि खाली सुवाच्य अक्षरांत: ‘आत्या यांचा निकाल लागला’.

“मेल्या!” आत्या कडाडली. “मघाशी मी नुसती मेले होते! आता तू खूनच केलास की रे!”

मालकानं कीबोर्ड रंगारीच्या पुढ्यातून ओढला आणि आत्यापुढे ठेवला. आत्यानं एका बोटानं टकटक करून लिहिलं, ‘झालं. कागद घ्या. उठा.’

“हे पसंत!” डॉक्टरबाईंनी तिथल्या तिथं सही केली.

वीस यंत्रं गेली. रंगारीची नोकरीही राहिली. बटणांचे रंग अजून तोच निवडतो. लिहायचं काम आत्याकडे. त्याला आता यंत्रात साधा पूर्णविरामसुद्धा द्यायचा असला, तरी आत्याला फोन करावा लागतो. आणि ती दुपारी झोपते!