भाकरीचा कृष्ण पक्ष

या महिन्यात आपण संकष्टी धरणार, असं मी सासूबाईंसमोर जाहीर करून बसलो. "जावई सोन्यासारखा हाय, पण खायला लई," हे कुशाबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, माझ्याबद्दलचं मत मला एकदाचं पुसून टाकायचं होतं. त्यांनी ही बातमी आपल्या राजुरीभर केली आणि माझ्याबरोबर उपास सोडायला त्या खास आमच्याकडे घोडेगावला आल्या.

दिवस ऑफिसात बरा गेला. (खिचडी दोनदा घेतली, पण साबुदाणा धरत नाहीत.) संध्याकाळी मायलेकी आत मोदक करत होत्या. बाहेर आमची अक्षदा भाकरी-चटणी घेऊन जेवायला बसली होती. ती म्हणाली, "पप्पा, पौर्णिमेनंतर चंद्र कमी कमी का होतो?"

माझ्यातला मास्तर जागा झाला. मी तिच्या ताटातली अख्खी भाकरी उचलली.

"ही पौर्णिमा. आता चंद्र उजवीकडून कमी व्हायला लागतो." कमी करायला दुसरा उपाय नव्हता, म्हणून एक घास तोडून तोंडात टाकला. "ही आजची चतुर्थी."

इथं थांबायला हवं होतं. पण विषय अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. अष्टमीला अर्धी भाकरी उरली. पुढचा घास कोरडा लागला म्हणून चटणी घेतली. (ती एकादशी होती. तीही मोडली.) चतुर्दशीची कोर तर चांगलीच खरपूस निघाली.

"आणि ही अमावस्या," मी रिकामा हात दाखवला.

"पण पप्पा, चंद्र तर अख्खाच असतो. उजेडातली बाजू आपल्याला कमी दिसते, एवढंच. बाईंनी शिकवलंय."

"मग मला कशाला विचारलंस?"

"तुम्हाला येतं का बघत होते. आता शुक्ल पक्ष कसा दाखवणार?"

प्रश्न रास्त होता. मी आत हाक मारली, "अगं, आणखी एक भाकरी आण."

भाकरी घेऊन सासूबाईच बाहेर आल्या. त्यांनी नातीचं रिकामं ताट बघितलं, मग माझ्या मिशीला लागलेली चटणी बघितली. तेव्हा कुठं मला माझा उपास आठवला.

"आई, मी हिला चंद्र समजावून सांगत होतो."

"आमीबी चंद्राचीच वाट बघतोय, जावयबापू," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण उपास चंद्र बघून सोडत्यात. खाऊन न्हाई."