टिटवीचे पाय आणि हत्तीची कंपनी

मुलांनो, कलकल पुरे, कान इकडे. एका जंगलात हत्तीची भलीमोठी कंपनी होती. कुठलं जनावर कधी पाणी पितं, कशाला बिचकतं, कुठल्या कुशीवर झोपतं, सगळी माहिती कंपनी गोळा करायची. आणि तिचा अर्थ लावायला हुशार प्राणी नोकरीला ठेवायची.

त्याच जंगलात वेणू टिटवी नदीकाठी राहायची. घर म्हणजे गोट्यांमधला नुसता खळगा. त्यात अंडी. म्हशी पाण्यावर आल्या की वेणूचा जीव टांगणीला. कंपनीत नोकरी लागली तर मात्र कुंपणाच्या आत जागा मिळायची. तिथे म्हशींना बंदी.

"अहो, मी अर्ज केलाय," ती नवऱ्याला म्हणाली.

"तुला त्यातलं काय कळतं गं?"

"काहीच नाही. म्हणून तर कोल्हेसरांचा क्लास लावलाय!"

कोल्हेसरांनी एकच गोष्ट घोटून घेतली. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं समजायचं नाही. वेणूने ती अंड्यांनासुद्धा म्हणून दाखवली.

मुलाखतीच्या दिवशी नवऱ्याला अंड्यांवर बसवून, मागे वळून वळून बघत ती गेली. समोर हत्तीसाहेब, गेंडेसाहेब आणि पोपटबाई.

"स्वतःबद्दल सांगा," पोपटबाई म्हणाल्या.

"मी घाबरते," वेणूच्या तोंडून निसटलं. "म्हणजे, अगदी मन लावून घाबरते."

गेंडेसाहेबांनी भिंतीवर आलेख लावला. "आकाश पडलं तर पेलायला म्हणून तुम्ही टिटव्या पाय वर करून झोपता. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती आहे. पाय वर असतात, आकाश पडत नाही. अर्थ काय?"

वेणूची आई तशीच झोपायची. आजीही. पण वेणूच्या डोळ्यांपुढे म्हशीचा खूर आला.

"काही संबंध नाही, साहेब. नुसतं बरोबर घडतंय."

"शाब्बास!" हत्तीसाहेब खूश झाले. "आता उताण्या व्हा, पाय वर करा, आणि आमच्यासमोर खाली घ्या. की झाली नोकरी पक्की."

वेणू उताणी झाली. पाय सवयीने वर गेले. खाली काही येईनात. अंडी उघड्यावर, आणि आकाश नेमकं त्यांच्याच डोक्यावर!

"घ्या ना खाली."

"घेते हं. घेतेच."

डोळे गच्च मिटून तिने एक पाय जरासा वाकवला.

"थांबा!"

वेणूने डोळे उघडले. गेंडेसाहेब टेबलाखाली होते. पोपटबाईंनी पंख डोक्यावर घेतले होते. ओरडले होते खुद्द हत्तीसाहेब.

"राहू द्या तसेच," ते घाम पुसत म्हणाले. "माहिती आपल्या जागी. पण उगाच कशाला?"

"मग नोकरी?" वेणूने उताण्या उताण्याच विचारलं.

अर्थ लावायची नोकरी कोल्हेसरांच्या भाच्याला मिळाली. वेणूला त्याहून मोठी मिळाली, आकाश विभागाची प्रमुख. हत्तीसाहेबांनी स्वतः सोंडेतून अंडी कुंपणाच्या आत आणून दिली. तिथे म्हशी नाहीत, काही नाही. अंड्यांवर नवरा बसतो. वेणूला कुठे बसता येतंय? ती शेजारी पाय वर करून पडलेली असते आणि सारखी विचारते, "अहो, ऊब लागतेय ना त्यांना?"

तात्पर्य : माहितीवर पूर्ण विश्वास ठेवावा. पाय मात्र खाली घेऊ नयेत.