मुळ्यांच्या मुळावर कोण उठलं?

आधी माझी ओळख करून घ्या, नंतर दडपण येईल. मी शाळेचा एकमेव गुप्तहेर. गरुडाची नजर, कुत्र्याचं नाक आणि सशाचे कान अशी माझी घडण आहे. नशिबाने दिसायला माणसासारखा आहे. माझी बुद्धी इतकी तल्लख की ती अभ्यासाला वापरणं म्हणजे तलवारीने कांदा चिरणं. म्हणून मी वापरत नाही. शाळेत सगळे मला 'चोंबडा' म्हणतात. थोरांना त्यांच्या हयातीत कोणी ओळखत नाही.

माझी मदतनीस म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्याच वर्गातली. तिला सगळे गोगलगाय म्हणतात, कारण ती सगळं सावकाश करते. विचारसुद्धा. आम्ही दोघं शाळेच्या शेती मंडळात होतो. ती आवडीने, मी वर्गाबाहेर पडायला मिळतं म्हणून.

मंडळ विज्ञानाच्या बाई चालवत. वर्षाच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांनी त्यांना सगळ्यांसमोर बजावलं होतं, "बाई, वर्षअखेरच्या प्रदर्शनात तुमच्या टेबलावर भाजी दिसली तर ठीक. नाहीतर मंडळाच्या जमिनीवर फरशी घालून गाड्या लावू." ती जमीन बाईंनी स्वतः दगड वेचून तयार केली होती. दुसऱ्या दिवशी आमच्या आधी त्या कुदळ घेऊन हजर होत्या.

पहिल्या सहामाहीत आम्ही वाफे केले, सायकल स्टँडमागे डब्यातलं उष्टं-खरकटं टाकायला खतखड्डा खणला आणि मुळे पेरले. खड्डा भरला, त्याला वास सुटला आणि तिकडे कोणी फिरकेनासं झालं. मुळे उगवले, पाऊस थांबताच त्यांनी माना टाकल्या आणि गेले. कारण पाणी! शिपाईकाका सकाळी पंप लावून टाकी काठोकाठ भरत, आणि शाळा सुटल्यावर आम्ही झाऱ्या घेऊन जावं तर नळाला नुसती फुरफुर.

मी टाकीला एक फेरी मारली, हनुवटी चोळली आणि म्हणालो, "इथे कुठेतरी पाणी मुरतंय."

"कुठे?" गोगलगायीने विचारलं.

"वाक्प्रचार आहे तो! म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. कोणीतरी आपल्या मुळ्यांच्या मुळावर उठलंय."

"बरं," ती म्हणाली.

पहिला संशय शिपाईकाकांवर. त्यांची सायकल आरशासारखी चकाकायची. एवढी सायकल धुवायला पाणी किती लागेल, याचा हिशोब मी मनातल्या मनात केला आणि चुकला म्हणून सोडून दिला. मग दाराआड दबा धरून बसलो आणि ऐन वेळी झेप घेतली.

"काका, सायकल कशाने धुता?"

"धुवायला काय वेड लागलंय? गंजेल ना! तेलाच्या फडक्याने पुसतो. आणि तू दाराआड काय करतोयस? तास नाही का तुझा?"

तास होता. गणिताचा.

मग मी पाळत ठेवली. बुजगावण्याचा शर्ट आणि टोपी चढवून, हात पसरून भर उन्हात वाफ्यात उभा राहिलो. चोर आला नाही. कावळा आला, खांद्यावर बसला आणि शर्टावर आपलं मत नोंदवून गेला. तेवढ्यात मुख्याध्यापक तिथून गेले. माझ्याकडे बघून बाईंना म्हणाले, "यंदाचं बुजगावणं अगदीच निकामी दिसतंय."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! मंडळ बुडावं असं कोणाला वाटतं? गाड्या कोणाला लावायच्यात? दुसऱ्या सहामाहीत आमचे टोमॅटोही सुकायला लागले, तेव्हा मला राहवेना. भर प्रार्थनेच्या वेळी मी उभा राहिलो आणि गरजलो, "सर, आमचं पाणी तुम्हीच ढोसताय!"

सरांच्या हातात त्या वेळी नेमका पाण्याचा ग्लास होता. त्यांना ठसका लागला. मला आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं आणि बाईंना माझ्या वतीने माफी मागावी लागली. बाई मला एका शब्दानेही रागावल्या नाहीत. तेच मला फार लागलं.

असाच मी वर्गाबाहेर उभा असताना गोगलगाय एका पायात चप्पल घालून आली.

"अरे, माझी चप्पल रुतली. खतखड्ड्यापाशी. पेरू खायला लपले होते."

"रुतेल कशी? पाऊस जाऊन कित्येक महिने झाले."

"तूच म्हणाला होतास ना, कुठेतरी पाणी मुरतंय? तिथे मुरतंय."

आम्ही बाईंना घेऊन धावलो. टाकीतून वाफ्यांकडे जाणारा पाइप तिथेच जमिनीखालून वळत होता आणि त्याचा सांधा सुटला होता. वर्षभराचं पाणी खड्ड्याने पोटभर पिऊन घेतलं होतं. खरकट्यातल्या कुठल्याशा बीचा वेल सायकल स्टँडच्या भिंतीवर चढला होता आणि पानांआड हे एवढाले भोपळे! भोपळे मला नवे नव्हते, पण आजवरचे सगळे गणिताच्या पेपरात मिळालेले.

"मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो," मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही. गोगलगाय चप्पल उपटत होती, आणि बाई चिखलात बसून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

प्लंबरने सांधा आवळला. पण टोमॅटो कधीच गेले होते, आणि मुख्याध्यापकांनी फतवा काढला: पाणी फक्त वाफ्यांना, उकिरड्याला एक थेंबही नाही. उन्हाने वेल मलूल झाला. भोपळे अजून कच्चे होते. "थोडेच दिवस पाणी हवं होतं रे," बाई म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात वेल पुन्हा तरारला. कसा, ते कोणी विचारलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी आमचं टेबल भोपळ्यांच्या वजनाने वाकलं. पाहुण्यांनी इतकी वाहवा केली की मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, ही जमीन मंडळाचीच राहील. पाहुणे गेल्यावर मात्र ते तरातरा आमच्याकडे आले.

"तो पाइप परत गळतोय! प्लंबर म्हणतो, कोणीतरी मुद्दाम सैल केलाय. काय रे, तू गुप्तहेर ना? कोणाचं काम हे?"

मी बाईंकडे पाहिलं. शेती शिकवणाऱ्या बाईंच्या पिशवीत पानं असणं साहजिक आहे. त्यांच्या पिशवीतून मात्र पाना डोकावत होता. नळ आवळायचा, चांगला जाडजूड. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यासमोर खरा गुन्हेगार उभा होता, पुराव्यासकट. मी तोंड उघडलं असतं तर भोपळे गेले असते, जमीन गेली असती आणि कदाचित बाईही.

"एकही धागादोरा नाही, सर."

"वाटलंच मला!" सर खूश झाले. "वर्षभर नुसती बडबड. या मुलाला आजवर काही सापडलंय का हो, बाई?"

"छे हो सर," पिशवीची चेन ओढत बाई म्हणाल्या, "अगदी ठोंब्या आहे."

इतकं कौतुक माझं आजवर कोणी केलं नव्हतं.