कंपनीला मंजूर नसलेला आवाज

भूगोलाच्या सरांच्या गाडीतून आवाज येतो, ही बाब प्रथम त्यांच्या सासूबाईंच्या लक्षात आली. त्या मागे डावीकडे बसायच्या आणि आवाज नेमका त्यांच्या खालून यायचा. आधी बारीक कुरकुर, मग ‘टक्’. सरांनी काही दिवस त्याकडे कानाडोळा केला. शेवटी बायकोनं डोळे वटारले, तेव्हा गाडी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेली.

तिथले सल्लागार फार अदबशीर होते. त्यांनी सरांना आवाज काढून दाखवायला सांगितला. भरल्या प्रतीक्षागृहात सरांनी घसा खाकरून तो काढला. सल्लागारांनी डोळे मिटून ऐकला, पुन्हा एकदा काढायला लावला आणि असा आवाज या मॉडेलला मंजूर नसल्याचं खेदानं सांगितलं. तरीही माणुसकी म्हणून ते स्वतः एक चक्कर मारून आले. गाडीनं चकार शब्द काढला नाही.

“मागे कोण बसतं?” त्यांनी विचारलं.

“सासूबाई.”

सल्लागार जरा घुटमळले. “काही दिवस त्यांना वगळून चालवून बघा, सर.”

हा तांत्रिक सल्ला सरांनी घरी जमेल तितका गुळमुळीत करून सांगितला. सासूबाईंना तो लगेच समजला. दुसऱ्या दिवसापासून त्या वाचनालयात बसनं जाऊ लागल्या, बायको सरांशी कामापुरतं बोलू लागली आणि गाडीतली कुरकुर होती तशीच राहिली. शेजारी बोलायला कोणी नसल्यामुळे उलट ती जास्तच स्पष्ट ऐकू येई.

सर पुन्हा गेले, तेव्हा केंद्रानं सासूबाईंना निर्दोष ठरवलं आणि सरांना कान तपासून यायला सांगितलं. डॉक्टरांनी दोन्ही कान उत्तम असल्याचा निर्वाळा दिला, तसा सल्लागारांचा चेहरा खुलला. सरांना गरजेपेक्षा जास्त ऐकू येतं, सगळा घोळ तिथेच आहे, असं त्यांचं मत पडलं. उपाय म्हणून मागे दोन दांडगे स्पीकर बसवण्यात आले. गाणं लावताच कुरकुर गायब. परतताना चौकातले लोक हातवारे करून ओरडत होते. गाणं आवडलं असावं, अशा समजुतीनं सरांनी आवाज आणखी वाढवला.

घरी पोचून ते चहा घेतात न घेतात, तोच सासूबाई टॅक्सीतून उतरल्या. टॅक्सीवाल्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला सायलेन्सर दारात आणून ठेवला. सासूबाई चौकातल्या बसथांब्यावर उभ्या असताना तो त्यांच्यासमोरच पडला होता.

“हा बोलत होता, जावईबापू,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “मी नव्हते.”

सरांना धरणी दुभंगावी असं वाटलं. त्यांनी हात जोडून माफी मागितली, सासूबाईंना मानानं मागच्या सीटवर बसवलं, सायलेन्सर डिकीत टाकला आणि तडक केंद्र गाठलं. गाडी आता अख्खी गल्ली दणाणून सोडत होती.

“सर, ती कुरकुर येतेय का आता?” सल्लागारांनी मोठ्यानं विचारलं.

सरांनी प्रामाणिकपणे कान दिला. येत नव्हती.

“म्हणजे तक्रार मिटली. हा आवाज वेगळा, त्यासाठी नव्यानं यावं लागेल.” मग फोन पुढे करून ते अजिजीनं म्हणाले, “तेवढे पाच तारे द्या. चार दिलेत तर वरून मला बोलणी बसतात.”

सर भिडस्त माणूस. मागून सासूबाई बघत होत्या, तरी त्यांनी पाचही तारे दिले आणि खाली ‘पूर्ण समाधानी’ असंही लिहिलं.

त्यांना हसू नका. परवा तुम्हीही कुठंतरी असेच पाच देऊन सुटलात. तसलेच तारे बघून तर सरांनी हे केंद्र निवडलं होतं.