बारातले अकरा

जून महिन्यात, कुवेतच्या अब्बासियात, डोक्यावर लोकरीची कानटोपी घालून बसलेला माणूस दिसला तर खुशाल ओळखावं, की फेरो बेटांची मॅच आहे आणि हे आमचे इब्राहिमभाई आहेत. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री. मांजरंसुद्धा गाड्यांखाली सावली धरून पडलेली. आणि तिसऱ्या मजल्यावर एसी सोळावर लावून इब्राहिमभाई युरोपच्या पात्रता फेरीसाठी टीम काढतायत. "हवामान बघून टीम काढायची असते," हे त्यांचं पहिलं तत्त्व. तिकडचं हवामान इकडे आणणं त्यांना अवघड नाही, कारण आमच्या कंपनीत ते एसी दुरुस्तीच्या गँगचे फोरमन.

मी त्याच कंपनीच्या ऑफिसात कागदपत्रं बघतो आणि त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतो. मूळचा कोल्हापूरचा. म्हणजे फुटबॉल मला कुणी शिकवायचा नाही! आमच्याकडे पेठेची टीम हरली तर चूल पेटत नाही. आणि जयगडच्या खाडीकाठचा हा माणूस, ज्याने जन्मात कधी बॉलला पाय लावला नाही, तो मला बचाव कसा लावायचा ते सांगणार. डोकंच फिरतं राव!

"पण जगात एवढे देश सोडून फेरोच का?" मी एकदा विचारलं.

जवानीत ते बोटीवर होते. इंजिन बिघडून बोट त्या बेटांवर आठ दिवस अडकली. तिथल्या एका म्हातारीने ही टोपी विणून दिली आणि सुकवलेला मासा खायला घातला.

"आपल्या सुक्या बांगड्यासारखा?"

"त्याहून वासाचा! मासे मारायचे, मेंढ्या राखायच्या आणि फावल्या वेळात मोठमोठ्या देशांशी फुटबॉल खेळायचा. आपलीच मानसं रे ती. हरतात, पन घाबरत नायत."

शुक्रवारी नमाज झाली, गँगची जेवणं झाली, की ज्या प्लास्टिकवर जेवायचं तेच पुसून त्यावर मार्करने मैदान आखतात. बटाटे आपले, टोमॅटो समोरचे, आणि गोलीच्या जागी लिंबू, कारण "लिंबू झेलायला कदी चुकत नाय". मग वादावादी. मी एक बटाटा पुढे सरकवला की ते दोन मागे घेतात. शेवटी गावी खदीजाभाभींना व्हिडिओ कॉल लावून बटाटे दाखवायचे. भाभींचा प्रश्न ठरलेला, "तुम्ही येनार कदी?" यांचंही उत्तर ठरलेलं, "ही फेरी होऊ दे." आता युरोपात फेऱ्या कधी संपतात होय?

पण मी या माणसाला मानतो ते एका गोष्टीसाठी. ज्याला टीममधून वगळलं त्याचा फोटो मोबाइलवर उघडायचा, टोपी काढायची आणि त्याला समजावून सांगायचं. "राग मानू नको, बाबा. तुझा पाय बरा नाय, पुडच्या वेळेला बघू." तो खेळाडू तिकडे कुठल्या तरी बेटावर चहा पीत बसलेला असणार. आम्ही हसून लोळायचो. ते गंभीर. "नाव कापायचं तर तोंडावर सांगून कापावं," म्हणायचे.

गेल्या जूनमधला शुक्रवार मात्र वेगळा होता. कंपनीच्या हातून एक मोठं काम गेलं होतं. मॅनेजरने इब्राहिमभाईंना सांगितलं होतं, गँगमध्ये फोरमन धरून बारा जण आहेत, अकरा ठेवा, रविवारी सकाळी यादी द्या. यादीत नाव नाही त्याचा इकामा रद्द, म्हणजे कुवेतमधलं राहणंच संपलं. यादी माझ्याकडे यायची होती, आणि हे सगळ्या खोलीला माहीत होतं.

सगळ्यांच्या मनात एकच नाव होतं. बार्शीचा संजय. चाळिशीत पहिल्यांदा परदेशी आलेला, तीन महिन्यांचा नवखा. माणूस सोन्यासारखा, पण दिशांशी त्याचं वाकडं. दोनदा भलत्याच इमारतीच्या गच्चीवर चढून चांगला चालणारा एसी उघडून बसला होता. त्या दिवशी त्याने भात परत घेतला नाही. खाली मान घालून बटाटे पुसत होता.

वाद नेहमीचाच, फेरोच्या डाव्या बाजूला मागे कोण? सदतीस वर्षांचा म्हातारा की वीस वर्षांचा नवा? म्हाताऱ्यासाठी इब्राहिमभाई दर वेळी माझ्याशी हमरीतुमरीवर यायचे. त्या दिवशी मी नुसतं "नव्याला घ्या की" म्हणालो आणि त्यांनी मुकाट्याने बटाटा बदलला. मग म्हाताऱ्याचा फोटो उघडून टोपी काढली. "राग मानू नको, बाबा. तू थकलास असं नाय. पन नव्याला मैदान कदी मिळनार?"

मला वाटलं, लाडक्या म्हाताऱ्याला कापून माणूस मन घट्ट करतोय, संजयचं नाव कापायला.

शनिवारी तिथल्या कोचने अर्थातच आमचं ऐकलं नाही. म्हाताऱ्यालाच खेळवलं, आणि फेरोने बरोबरी साधली.

रविवारी सकाळी, मॅच नसतानाही कानटोपी घालून, इब्राहिमभाईंनी माझ्या टेबलावर कागद ठेवला. बघतो तर काय, कंपनीच्या लेटरहेडवर फुटबॉलची टीम, नावं आमच्या गँगची! गोली, सलीम. मागे चार, मध्ये चार, पुढे दोन. सलीमच्या नावापुढे 'कॅप्टन', म्हणजे नवा फोरमन. उजव्या कडेला संजय, आणि खाली बारीक अक्षरात, 'सोबत रस्ता माहीत असलेला माणूस द्यावा.'

मी नावं मोजली. अकरा. पुन्हा मोजली.

"इब्राहिमभाई, तुमचं नाव राहिलं की!"

"राहिलं नाय. कापलंय."

"अहो, वेड लागलंय काय तुम्हाला?" मी ओरडलोच. "काल म्हातारा कसला खेळला, बघितलं ना?"

"बघितलं की. झ्याक खेळला. पन संजयचा अजून वॉर्म-अप पन झाला नाय. त्याला कसा बाहेर काढू?"

मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता. मी त्यांच्याच तत्त्वावर बोट ठेवलं. "ज्याचं नाव कापलंत त्याला तोंडावर सांगितलंत का?"

"सांगितलं ना. सकाळी दाढी कोरताना, आरशात."

"मग? काय म्हणाला तो?"

इब्राहिमभाईंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"म्हनाला, राग नाय. खदीजा एकतीस वर्षं बेंचवर बसलीय. आता तिला खेळवा."