नाचणीच्या भाकरीचा रंग

अगो, दारात उभी राहून काय ऐकतेस? ये इकडे, बस सतरंजीवर. ती पिशवी ठेव खाली, कुणी पळवत नाही. मागच्या खेपेलाही अशीच आलीस, एक पाय घरात नि एक रिक्षात. भाची म्हणवतेस आणि पाव्हण्यासारखी येतेस. भिकूदादांकडे गेली असतीस ना, तर त्यांनी तुला आधी स्टुलावर बसवलं असतं नि म्हटलं असतं, "घाई नको. आदी तिला बोलू दे."

ती म्हणजे मोटारसायकल.

भिकूदादांचं गॅरेज महाडला, सावित्री नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत. गॅरेज म्हणायचं आपलं. चार पत्रे, एक चुन्याची भिंत आणि वर जांभळाचं झाड. कुणी गाडी घेऊन आलं की दुसरा मेकॅनिक आधी पाना उचलतो. भिकूदादा उचलत नसत. गाडी तशीच चालू ठेवायला लावायचे, तिच्याजवळ स्टूल ओढून बसायचे, मान कलती करायचे आणि डोळे मिटायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गाडी आपली भडभडतेय नि हे बसलेत समाधी लागल्यागत. मधेच हळू आवाजात विचारायचे, "काय होतंय गो तुला?"

एकदा एक तलाठी भाऊसाहेब कावले. म्हणाले, "भिकू, झोपलास काय?"

"झोपलो नाय भाऊसाहेब. ती सांगत्ये नि मी ऐकतोय. तुम्ही मदी बोललात, आता तिला पहिल्यापासनं सांगायला लागंल."

तिथे सगळेच गप बसत.

ऐकून झालं की मागे जायचं, धूर नळीतून येतो तिथे पांढरं फडकं धरायचं आणि ते नाकाशी न्यायचं. आपण नाही का चिंचगुळाची आमटी झाली का ते वासावरून ओळखत, तसं. मग इंजिनाच्या डोक्यातला प्लग काढायचा. प्लग म्हणजे गाडीची ठिणगी पाडणारी बोटभर वस्तू, मला तरी तेव्हा कुठे ठाऊक होतं! त्या प्लगचं टोक भिंतीवर घासून एक रेघ ओढायची आणि खाली कोळशाने नाव घालायचं. 'तलाठी'. 'मास्तर'. 'पाचाडवाले'. दर पावसाळ्यात सावित्री गॅरेजात येऊन जायची, मग भिंतीला नवा चुना लागायचा आणि रेघा पहिल्यापासून सुरू.

मी विचारलं, "दादा, हे काय देवक बसवलंय?"

म्हणाले, "वयनी, प्लगचा रंग कसा पायजे, तर नाचणीच्या भाकरीसारका. तसा असला म्हंजे गाडीचं जेवण बरोबर हाय. पांडरा पडला तर ती उपाशी. आणि काळा झाला तर जेवण जास्त होतंय, पेट्रोल ढीगभर नि हवा घासभर. ते सगळं जळत नाय, त्याची काजळी धरते. मग ती खोकते, काळा धूर सोडते नि एक दिवस बसते."

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या वातीच्या स्टोव्हसारखं. ज्योत पिवळी पडली की भांड्यांची बुडं काळी."

अगो, त्या माणसाच्या तोंडावर असा आनंद फुलला! "फस्क्लास! वीस वर्सं मुंबईच्या गॅरेजात काडली, पर असं कोण बोललं नाय. वयनी, तुम्ही मेकॅनिक व्हायला पायजे होता."

माझी शाळा चौथीत सुटलेली. मला आजवर कुणी काही व्हायला पाहिजे होतं असं म्हटलं नव्हतं. मी ते वाक्य पदराला बांधून घरी आणलं.

आता आमचं तिथे काय काम, ते सांगते. तुझे काका पोलादपूरला गुरांचे डॉक्टर. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला त्यांनी एक जुनी मोटारसायकल घेतली. कापडे, उमरठ, वरच्या वाड्या, गाय अडली की रात्र नाही की पाऊस नाही. पायी गेले असते तर पोचेपर्यंत गाय तरी सुटली असती नाहीतर मालक. तेव्हा ती गाडी म्हणजे त्यांचे पायच. आणि सोमवारी महाडच्या कचेरीत जावं लागे, तेव्हा मी मागे बसून जायची. हे कचेरीत, मी जांभळाखाली.

काय सांगू तुला तिथलं. दुपार व्हायची. नदीवरनं वारा यायचा. एखादी गाडी संथ चालू असायची, डुग् डुग् डुग्, आणि तो आवाज ऐकता ऐकता समोरचे डोंगर हलायला लागायचे. जांभळाची सावली इकडची तिकडे जायची. मी दादांसाठी तांदळाची भाकरी नि सुकटीची चटणी न्यायची, ते हात धुऊन पानावर घेऊन बसायचे. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, लेक मुंबईला दिलेली. जेवताना ते बोलत नसत, मीही नसे. मी, जी झोपेतही बोलते! कधी कधी माझा डोळा लागायचा, स्वप्नातही ती डुग् डुग् चालू असायची.

आमच्या गाडीचं मात्र काही बरं होईना. तिला खोकला, काळा धूर आणि पेट्रोलचा तो उग्र दर्प. सोमवारी दादा प्लग काढायचे, भिंतीवर काळीकुट्ट रेघ ओढायचे, खाली 'डॉक्टर' लिहायचे, प्लग घासून पुसून लावायचे. दोन-तीन दिवस गाडी गुणी पोरीसारखी. शुक्रवार आला की पुन्हा खोकला.

"दादा, काय झालंय हिला?" हे विचारायचे.

"हिचं काय कळत नाय बगा डॉक्टरसाहेब. लय खोल हाय ही. पुडल्या सोमवारी बगू."

अख्ख्या तालुक्याच्या गाड्यांच्या पोटातलं ज्याला कान देऊन कळतं, त्याला आमचीच कळेना! हे म्हणायचे, नशीब. मी म्हणायची, दृष्ट. लिंबू-मिरचीसुद्धा बांधली हँडलला.

आणि एका शनिवारी उमरठच्या वाटेवर ती बसली ती बसलीच. पुढे गाय अडलेली. हे बॅग खांद्याला मारून चिखलातनं दोन तास चालत गेले. पोचले तोवर तिथल्या एका म्हातारीने वासरू ओढून काढलेलं. गाय वाचली, वासरूही वाचलं, पण ते त्या म्हातारीच्या पुण्याईने. हे घरी आले, पायांत काटे. जेवताना म्हणाले, "गाडी विकतो. अलिबागला टेबलावरची जागा आहे, ती मागून घेतो. पोचता येत नसेल तर मी डॉक्टर कशाचा?"

मी ऐकलं आणि घास तसाच राहिला. माणसाला टेबलाशी बांधायचं? हे गुरांशी बोलताना हसायचे तेवढे माझ्याशीही हसत नसत.

सोमवारी मीच यांना सांगितलं, "तुम्ही कचेरीत जा. अर्ज आज देऊ नका. मी गाडी टेम्पोत घालून दादांकडे नेते नि त्यांच्याशी बोलून येते."

गेले. तिथे मी भाकरीचं गाठोडं सोडलं नाही. जांभळाखाली बसून भिंतीकडे बघत राहिले. आणि अगो, जे इतके महिने डोळ्यांपुढे होतं ते तेव्हा दिसलं. मास्तरांच्या दोन रेघा, पहिली काळी, दुसरी नाचणीची, संपलं. तलाठ्याच्या दोन. पाचाडवाल्यांच्या तीन. आणि आमच्या? सगळ्या काळ्या, एकीला लागून एक, सोमवारमागून सोमवार, ही एवढी रांग. आणि दुसरं आठवलं. बाकीच्यांच्या गाड्यांचा कार्बोरेटर, जिथे पेट्रोल नि हवा कालवली जाते तो डबा, दादा पहिल्याच दिवशी उघडत. त्यात एक सुई असते, तिला बारीक खाचा असतात नि एकीत इवलीशी क्लिप अडकवलेली. क्लिप एक खाच इकडची तिकडे केली की सुई वर-खाली, नि पेट्रोल जास्त-कमी. हे मला त्यांनीच दाखवलेलं, मास्तरांच्या गाडीवर.

मी म्हटलं, "दादा, आमच्या गाडीचा डबा तुम्ही एकदाही का उघडला नाहीत?"

ते फडक्याची घडी करत राहिले. चौपदरी केलं, आठपदरी केलं.

"तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?"

"पयल्याच दिवशी." मान खाली. "सुई एक खाच वर हाय, वयनी. आदीच्या मालकानं केलेली. दोन मिंटांचं काम."

मला राग आला होता की काय, आठवत नाही. मी उमरठचं सगळं सांगितलं. चिखल, गाय, अलिबाग. ते ऐकताना त्यांनी डोळे मिटले, गाडीचं ऐकताना मिटायचे तसेच.

"माजा धंदाच असा हाय वयनी," डोळे उघडून म्हणाले. "काम बरं केलं की मानूस परत येत नाय. मास्तर रस्त्यात भेटतात, हात वर करतात नि जातात. गाडी बरी, मंग भिकूकडं कशाला थांबायचं? तुम्ही आलात, भाकरी दिलीत, बसलात. मला वाटलं, ऱ्हाऊ दे खोकत थोडी. बसंल असं नवतं वाटलं. डॉक्टरसायबांना चालाया लागलं…"

मी भाकरीचं गाठोडं सोडलं. "आधी सुई," मी म्हटलं, "मग जेवण. आणि दादा, सोमवारी आम्ही येणार आहोत. माणसाकडे जायला बिघाडच कशाला हवा?"

त्या दिवशी दादांनी डबा उघडला. त्यांच्या हातून ती बारीक क्लिप दोनदा मातीत पडली, मीच शोधून दिली आणि दुसऱ्या खाचेत मीच बसवली. पुढल्या सोमवारी भिंतीवर आमची रेघ आली. नाचणीची. दादा तिच्याकडे बघत राहिले. आणि आम्ही ती बघून निघालो नाही, बसलो. त्यानंतर सहा वर्षं बसलो. अर्ज यांनी फाडून टाकला.

मग यांची बदली आलीच, पण दूर, वर देशावर, तीही गुरांमध्ये. निघताना दादांनी गाडी पुसून दिली. माझ्याकडे बघितलं नाही. नव्या गावी आठवडाभरात गाडी खोकायला लागली. हे म्हणाले, "इथलं पेट्रोलच वाईट." मी दुपारी हे झोपल्यावर डबा उघडला. सुई एक खाच वर.

मी खूप वेळ ती सुई हातात धरून बसले. दोन मिनिटांचं काम, मला येत होतं. पण मी ती तशीच परत बसवली. यांना म्हटलं, "इथल्या लोकांना हिचं काय कळायचं? दिवाळीत महाडला दाखवू." तोवर ती पुन्हा कुठे बसू नये म्हणून दर दोन दिवसांनी प्लग मीच घासून लावायची.

गेलो. दादा गल्लीच्या तोंडाशीच उभे होते. गाडी यायच्या आधी त्यांना तिचा खोकला ऐकू आला होता.

आता ना ते आहेत, ना ते जांभूळ. पण तुला सांगते, तू फोनवर म्हणतेस ना, "मावशी, काही काम निघालं की येते," ते मला ऐकवत नाही. काम निघायची वाट कशाला बघतेस? पुढल्या सोमवारी ये. भाकरी नाचणीची करीन.