ताऱ्यांकडचं टोक

टिपणीसकाकांच्या घरात तुम्ही ज्या पक्षाचे म्हणून शिराल, त्याच्या विरुद्ध पक्षाचे काका असत. चहा येईपर्यंत तुम्ही नरमलात आणि थोडे त्यांच्या बाजूला सरकलात, तर ते निमूटपणे तुमची सोडलेली जागा घेत. एकाच सोफ्यावर बसून माणूस दोन्ही पक्षांत कसा राहू शकतो, हे मी शुगर लँड नावाच्या अमेरिकन गावात पाहिलं.

मी टेक्ससला गेलो तेव्हा इराकचं युद्ध नुकतंच सुरू झालं होतं आणि देशावर प्रेम कोणाचं जास्त, यावरून अख्खा देश भांडत होता. आमच्या मराठी मंडळींतही दोन तट होते. डॉक्टर देवस्थळी एका तटाचे. ते म्हणत, "लढाई चालू असताना प्रेसिडेंटवर टीका म्हणजे डिसलॉयल्टी. सिंपल." काका मांडीवरचा पाय खाली घेत. "थांबा डॉक्टर, उलट बाजू राहिली." मग पाऊण तास ते डॉक्टरांना समजावत, की सरकार वेगळं आणि देश वेगळा, आणि सरकारला जाब विचारतो तोच खरा इमानी नागरिक.

दुसऱ्या दिवशी रामटेके येत. रामटेके मूळ नागपूरचे, केमिकल इंजिनिअर आणि दुसऱ्या तटाचे. ते नेमकं हेच म्हणत. काका ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे मान हलवत आणि म्हणत, "थांबा रामटेके, उलट बाजू राहिली. पोरं तिकडे गोळ्या झेलतायत आणि आपण इथे एसीत बसून त्यांच्या सेनापतीच्या चुका काढायच्या?"

माझं मत विचाराल, तर ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या माणसाला मत नसतं. मी काकांकडे चिवड्यासाठी जायचो. तेलाच्या पाइपलाइनींवर तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला हा एकटा माणूस चिवडा मात्र अप्रतिम करायचा. सुधाकाकू मी येण्याच्या आदल्या वर्षीच गेल्या होत्या. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं.

त्या संध्याकाळी आता आठवल्या की झोपेत ऐकलेल्या वाटतात. उन्हाळ्यात आठ वाजले तरी उजेड संपत नसे. बाहेरची दमट हवा जागची हलत नसे, डोक्यावर पंखा संथ फिरत राही, शेजारच्या हिरवळीवर पाणी उडवणारी चक्री चक् चक् करत असे आणि त्या सगळ्यात मुरलेले काकांचे आवाज, आजचा एक आणि कालचा एक. मी सोफ्याच्या कोपऱ्यात पेंगत असे. डोळे उघडावेत तर काका अजून बोलतच असत, आणि ते आत्ता कोणाकडून बोलतायत हे कळायला मला घटकाभर लागे.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे अमेरिकेचा झेंडा. दोन हजार एकच्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांनंतर गल्लीतल्या घराघरावर झेंडे लागले होते आणि मग लोक ते विसरून गेले होते. ऊन खाऊन त्यांची पार लक्तरं झालेली. काकांचा झेंडा मात्र कोरा करकरीत, कारण तो ते रोज सूर्यास्ताला उतरवत. नियमच आहे तसा. अंधारात ठेवायचा तर त्यावर दिवा हवा, जमिनीला टेकवायचा नाही, घडी त्रिकोणी घालायची. काका दारोदार जाऊन लोकांना हे सांगत. एका गोऱ्या शेजाऱ्यानं उलट त्यांनाच विचारलं, की तुझा झेंडा रात्री गायब असतो, तू नक्की कोणाच्या बाजूचा? काकांनी आतून नियमांचं पुस्तक आणून त्याला फाटकातच वाचून दाखवलं. आठवड्याभरात त्या बिचाऱ्यानं झेंड्यावर दिवा बसवला.

संध्याकाळी जो कोणी घरात असे, त्याच्या हातात झेंड्याचं एक टोक येई. घडी घालायला माणसं दोन लागतात. आम्ही त्याला चहाची फेड म्हणत असू आणि हसत असू.

निवडणुकीच्या वर्षी गणपतीत हे सगळं फिसकटलं. देवस्थळ्यांकडे जेवण होतं. पानं वाढून घ्यायच्या रांगेत पुढे डॉक्टर, मागे रामटेके आणि मधे काका. काकांनी पुढे तोंड करून एक बाजू मांडली, मागे वळून दुसरी. सवयच ती. पण त्या दिवशी दोघांनीही दोन्ही ऐकलं.

रामटेके ताट हातात धरून थांबले. "काका, तुम्ही टाइमपास करताय. आमच्या घरात लॉयल्टीचा अर्थ आम्हाला संविधानानं शिकवला. माझ्यासाठी ही गंमत नाहीये."

डॉक्टरांचा आवाज खाली गेला. त्यांच्या मुलानं, रोहननं, सैन्यात नाव घातलं होतं हे आम्हाला माहीत होतं. "माझा मुलगा युनिफॉर्ममध्ये आहे, काका. माझ्याशी तरी खेळू नका. एक साइड पिक करा."

मला वाटलं होतं, आता तरी उलट बाजू येईल. काका जेवले, ताट धुऊन ठेवलं आणि घरी गेले. काका डबल ढोलकी आहेत, एवढ्या एकाच मुद्द्यावर त्या वर्षी आमच्या दोन्ही तटांचं एकमत झालं. त्यानंतर त्यांच्याकडे कोणी फिरकेना. मीही नाही. कुठल्या तरी तटात आपलं नाव लिहिलं जाईल अशी मला भीती वाटत होती. याची मला आजही लाज वाटते.

ऑक्टोबरमध्ये ऑफिसातून परतताना त्यांच्या गल्लीतून गेलो. सूर्य मावळत होता. काकांनी गाडीची डिकी उघडून झेंड्याचं एक टोक आत ठेवलं होतं आणि झाकण लावून ते तिथे अडकवलं होतं. दुसरं टोक हातात ताणून धरून ते एक एक घडी घालत गाडीकडे येत होते. मधेच कापड झोळ खाऊन जमिनीकडे जाई, की काका गुडघा पुढे करून ते झेलत. गुडघा दुखरा होता. मी गाडी थांबवली आणि ते टोक डिकीतून सोडवलं.

"नीट धर," काका म्हणाले. "ताऱ्यांकडचं टोक आहे. सुधाचं."

घड्या घालत येता येता ते सांगत गेले. दोघं एकाच वर्षी नागरिक झाले, एकाच दिवशी शपथ घेतली आणि पहिल्याच निवडणुकीपासून दोघांचे पक्ष वेगळे. काका सरकारचे, काकू विरोधातल्या. रोज संध्याकाळी झेंडा उतरवताना कडाक्याचं भांडण. "ती म्हणायची, तुमचं सरकार खोटारडं असेल, कापडानं काय केलंय? धरते मी." प्रत्येक घडीला दोन पावलं जवळ यावं लागतं. शेवटच्या घडीपर्यंत दोघं इतकी जवळ येत, की आवाज चढवायची सोय उरत नसे.

"तिचे मुद्दे मी कधी मान्य केले नाहीत," काका म्हणाले. "आता ते मांडायला कोणी नाही. मी नाही मांडले तर विसरून जाईन." मग म्हणाले, "आणि नुसतं हो हो म्हटलं तर माणसं दहा मिनिटांत उठतात रे. सूर्यास्तापर्यंत कोण थांबतं?"

घरी जाऊन मी दोन फोन केले, एक डॉक्टरांना आणि एक रामटेक्यांना. जे पाहिलं, जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं आणि उद्या सूर्यास्ताला काकांकडे या म्हटलं. दोघांनीही एकमेकांबद्दल विचारलं, "तो येणार आहे का?" आणि दोघांनाही मी नाही म्हणालो. माझ्या आयुष्यातला राजकारणातला सहभाग एवढाच.

दुसऱ्या दिवशी दोन गाड्या एकापाठोपाठ येऊन थांबल्या. डॉक्टरांनी ताऱ्यांकडचं टोक घेतलं, रामटेक्यांनी पट्ट्यांकडचं, आणि पहिल्या घडीलाच जुंपली. इराकमध्ये शस्त्रास्त्रं सापडली का, रोहनला नक्की कोणासाठी पाठवलंय, आणि प्रश्न विचारला म्हणजे रोहनचा कोणी शत्रू होतो का. रोहनचं नाव घेताना डॉक्टरांच्या हातून कापड एकदा निसटायला आलं. रामटेके थांबले, त्यांनी कापड सावरलं आणि आवाज खाली आणून बोलायला लागले. आकाश केशरी होऊन विझत चाललं होतं. काका मधे उभे होते, दोन्ही हात मोकळे. एकदा या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे बघत होते. कोणाचीच बाजू घेत नव्हते.

घडी वेडीवाकडी झाली. बाहेरून फक्त निळा रंग दिसायला हवा, इथे लाल पट्ट्याचं टोक बाहेर लोंबत होतं. दोघांनी ती काकांच्या हातात दिली आणि दोघंही ओशाळून उभे राहिले. मला वाटलं, आता नियमांचं पुस्तक येणार.

काकांनी लोंबणारं टोक हलकेच आत सारलं. घडी छातीशी धरली.

"चुकलीय," ते म्हणाले. "उद्या नीट घालू. दोघंही या."